दुसरीच्या ओट्यावर

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज ओटे ठरले. पाच बायका, पाच ओटे, दुसरी ते पाचवीची बावीस मुलं. वेळ संध्याकाळी सहा ते सात. मुलाने रोज एक पान मोठ्याने वाचायचं, त्या घरच्या बाईने ऐकायचं आणि मुलाच्या वहीत तारखेपुढे खूण करायची. शिकवायचं काही नाही, त्याला शाळा आहे. पण घरी ऐकणारं कोणी नसतं म्हणून मुलं वाचत नाहीत, हे माझं निदान आहे आणि ते बरोबर आहे.

नियम एकच, आणि तो माझा. आपल्या घरचं मूल आपल्या ओट्यावर बसवायचं नाही. घरची माणसं एक तर लाड करतात, नाहीतर फटके देतात. एमआयडीसीतल्या औषध कंपनीत सत्तावीस वर्षं मी पॅकिंगला सुपरवायझर होते. ज्याने माल भरला त्यालाच तपासायला दिला तर माल दर वेळी पास होतो, हे मला कोणी सांगायला नको.

सखुबाईचा ओटा गावात सगळ्यात मोठा, वर पंखासुद्धा आहे. तिने स्वतःहून देऊ केला. मी तोंडावर सांगितलं, "सखुबाई, तुम्हाला वाचता येत नाही. तुमच्याकडे मुलं बसवायची म्हणजे आंधळ्याला वाट विचारायची." सगळ्या हसल्या. मालूसुद्धा हसली. सखुबाई म्हणाली, "बरा झाला, माझी सिरियल वाचली." म्हातारी मनाला लावून घेणारी नाही.

मालूनेच नाटकं केली. "मना नको गो कांते यात घेऊस. मासलीचे हात माझे, वह्यांना वास लागंल." मी ऐकून न घेता तिचं नाव लिहून टाकलं. आम्ही दोघी एकाच माहेरच्या, शहाडजवळ नदीकाठच्या. ती कोळीवाड्यातली, मी वरच्या आळीतली. ती सून होऊन कोपरला आली, तीन वर्षांनी मी आले. या गावात मला एकेरी हाक मारणारी आता तीच एक उरली. माझी नात प्राप्ती मी तिच्याच ओट्यावर दिली. दुसऱ्या कोणाचा भरवसा धरणार?

प्राप्तीचं मला बघायलाच हवं. ती पाचवीत आहे आणि पाचवीला आता नापास करतात, पूर्वीसारखं वर ढकलत नाहीत. माझा मुलगा प्रणित तिला इंग्रजी शाळेत घालायला निघाला होता. मी अडून बसले, मराठी शाळेतच घालायला लावलं. ती अडकली तर सगळ्या घराची बोटं माझ्याकडे वळतील.

१८ नोव्हेंबर

पाच दिवसांत गाडी रुळावर आली. प्राप्ती सहाला पाच मिनिटं असतानाच चपला घालते. माझ्यासमोर पुस्तक काढ म्हटलं की हिचं पोट दुखायचं, आणि आता बघा. मी सूनबाईला, करिश्माला, म्हटलं, "बघितलंस? शिस्त लावावी लागते." ती ठाण्याला एका दुकानात कॅशवर असते, घरी यायला आठ वाजतात. तिने नुसती मान हलवली.

३० नोव्हेंबर, शनिवार

दर शनिवारी मी सगळ्या वह्या तपासते. पाच जणींतल्या हेमांगीकडच्या वह्यांत निम्म्या तारखा कोऱ्या. ती म्हणते, "काकी, मूल अडखळलं तर मी खूण देत नाही, परत वाचायला लावते." मी तिला समजावलं की असं केलंस तर मुलं यायची बंद होतील. मालूच्या वह्या पाहा म्हटलं, एक तारीख कोरी नाही. ठसठशीत खुणा. प्राप्तीच्या वहीत तर रविवारच्यासुद्धा आहेत.

मालूकडे आता नऊ मुलं बसतात. दुसऱ्या ओट्यांवरची पोरं तिथे पळतात. संध्याकाळी तिच्या दारावरून गेले तर आतून खिदळणं ऐकू येत होतं. वाचनात मुलांना इतकं रमलेलं मी पाहिलं नव्हतं.

१२ डिसेंबर

दुपारी मालू मासळीची पाटी रिकामी करून थेट माझ्याकडे आली. मोबाइल पुढे केला. "वाच गो जरा, बँकेचा काय आलाय. चष्मा बाजारात ऱ्हायला." तिचा चष्मा नेहमी कुठेतरी राहिलेला असतो. इतकी वर्षं तिची पत्रं, बिलं आणि आता मेसेज मीच वाचते. आळशीपणा, दुसरं काय? मी वाचून दाखवलं. मग ती बसूनच राहिली. म्हणाली, "कांते, प्राप्तीचा तुला एक सांगाचा व्हता."

मी म्हटलं, "दमवते का तुला?"

"नाय गो, गुणाची हाय. पन ती जे वाचते ना..."

तेवढ्यात गॅसवाला आला. सिलिंडरचं सील तुटलेलं होतं, मी त्याला धरला. परत आले तर मालू गेलेली. कौतुकच करणार होती, ते मला माहीत आहे.

८ जानेवारी २०२५, बुधवार

प्राप्तीच्या वर्गशिक्षिका बाईंनी बोलावलं होतं. तरुण आहेत, आवाज मऊ. म्हणाल्या, "आजी, प्राप्ती बोलते छान, पण वाचन फार कच्चं आहे. तुम्ही घरी एकदा समोर बसवून बघा."

मी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. पंचावन्न खुणा. "बाई, ही मुलगी रोज एक पान मोठ्याने वाचते. तारखा बघा. तुमच्या वर्गात ती घाबरत असेल, तर का घाबरते ते तुम्ही शोधा." बाई वहीकडे बघत राहिल्या.  

येताना मला बरं वाटत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत.

१९ जानेवारी

करिश्माने आज जेवताना विषय काढला. म्हणे, "आई, रविवारी मी घेऊन बसू का प्राप्तीला? मला थोडी शंका येतेय." मी वही दाखवली. नियमाचीही आठवण करून दिली. नियम जिने केला तिच्याच घरात मोडला तर बाकीच्या कशाला पाळतील? प्रणित म्हणाला, "जाऊ दे ना करिश्मा." तिने ताटं उचलली. बारावी झालेली आहे म्हणून तिला वाटतं आपल्याला सगळं कळतं.

१६ मार्च

होळीच्या गडबडीत आठवडा गेला. इथल्या कोळीवाड्यातल्या बायकांना या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी मालूने ओटा बंद ठेवला नाही. मी भर बायकांत तिची पाठ थोपटली. म्हटलं, "हिच्याकडून शिका." ती एकदम म्हणाली, "नको गो, मना मोठी करू नको. पोरीला तुझ्याकडंच बसव. परीक्षा आलीय."

मी म्हटलं, "आता महिनाभरासाठी ओटा कशाला बदलू?"

"मंग तू एक दिस येऊन ऐक तरी."

मी गेले नाही. माझा विश्वास आहे तिच्यावर, आणि विश्वास टाकला की मी राखण करत बसत नाही.

२५ एप्रिल

परीक्षा संपली. पेपर कसे गेले विचारलं तर प्राप्ती म्हणाली, "गेले." घरात सगळ्यांसाठी आंबे आणले.

२ मे, शुक्रवार

प्राप्ती नापास. मराठी आणि परिसर अभ्यास, दोन विषयांत. जूनमध्ये पुन्हा परीक्षा. त्यातही राहिली तर पाचवीतच बसायचं.

प्रणितने निकालपत्र टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "इंग्रजी शाळेत घालू नको म्हणालेलीस ना?"  त्याने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

वही पुन्हा उघडली. एकशे त्रेचाळीस खुणा. शाळेने घोळ घातला आहे. उद्या जाते.

३ मे, शनिवार

हे आजच लिहायला हवं.

प्राप्तीला घेऊन शाळेत गेले आणि वही पुढे केली. बाईंनी वाद घातला नाही. चौथीचं पुस्तक उघडलं, एक पान काढलं आणि म्हणाल्या, "प्राप्ती, आजीला वाचून दाखव."

तिने पुस्तक हातात घेतलं आणि सुरू केलं. एक मुलगी असते, तिच्या बापाची होडी असते, एक दिवस खाडीत ती खेकड्याचा पिंजरा ओढते तर आत एक बोलणारा खेकडा. आवाजाला चढउतार, मध्ये थांबणं, बोट ओळीवरून चाललेलं. मी बाईंकडे बघितलं. मनात म्हटलं, आता काय म्हणाल? अर्धा मिनिट मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

बाईंनी पुस्तक हळूच माझ्याकडे वळवलं. पानावर मधमाश्यांचा धडा होता. खेकडा नाही, होडी नाही. वरच्या चित्रात झाडाखाली एक मुलगी बसलेली होती, तेवढीच.

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाच." ती "म" म्हणाली. मग "मा" म्हणाली. मग माझ्याकडे बघायला लागली. पाचवीतली मुलगी.

बाहेर कट्ट्यावर बसवून विचारलं. "मालूआजीकडे हेच करायचीस?"

"हो."

"मग ती खूण कशी करायची? तिला दिसत नव्हतं पुस्तकात काय आहे ते?"

प्राप्ती चपलेने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "मी सांगितलं असं तिला सांगू नकोस. तिला येतच नाही ना वाचायला. मी तिचं कोणाला सांगायचं नाही आणि ती माझं कोणाला सांगणार नाही, असं ठरलेलं आमचं."

घरी कशी आले मला कळलं नाही. आमची ओळख पन्नास वर्षांची. माझ्या लग्नात मालू माझ्या पाठीशी उभी होती, माझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस माझ्या उशाशी झोपली. तिला वाचता येत नाही आणि मला ठाऊक नाही? चौथीपर्यंत तरी होती की माझ्या वर्गात. आणि नाही येत तर तोंडाने सांगायचं. सखुबाईने नाही सांगितलं? माझ्या नातीचं वर्ष गेलं आणि ही ठसठशीत खुणा करत बसली. केसाने गळा कापला माझा.

४ मे, रविवार

मी ते सगळ्यांसमोर केलं आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

संध्याकाळी हेमांगीच्या ओट्यावर सगळ्या जणींना बोलावलं. मालू उशिरा आली, कडेला टेकली. मी दुसरीचं पुस्तक तिच्या हातात दिलं. "मालू, वाच."

ती म्हणाली, "चष्मा..."

मी माझा चष्मा काढून तिच्यापुढे धरला. "हा घे. आपला नंबर सारखाच आहे."

तिने तो घातला. पुस्तक दोन्ही हातांनी धरलं.  तिने पानाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग पुस्तक मिटलं, चष्मा काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुला ठाव हाय, असा मना वाटायचा."

आणि उठून गेली. मी पाठीमागून म्हटलं, "मला ठाऊक असतं तर माझी नात तुझ्याकडे दिली असती का?" तिने वळून बघितलं नाही.

हेमांगीने डोळ्याला पदर लावला. सखुबाई काठी टेकत माझ्याजवळ आली. म्हणाली, "मना आंधली बोल्लीस त्या दिशी मी हसले. आज नाय हसनार." आणि तीही गेली. म्हणजे चूक त्यांची आणि तोंड फिरवायचं माझ्याकडे. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

५ मे

आज करिश्मा कामावर गेली नाही. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आई, मालूमावशींना वाचता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"गावात सगळ्यांना. मला लग्न होऊन आले त्या वर्षीच कळलं. त्या भाजीवाल्याच्या पाटीवरचा भाव विचारतात, वाचत नाहीत. बसचा रंग विचारतात."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच त्यांचे मेसेज वाचता ना. आणि ओट्याच्या वेळी तुम्ही त्यांचं नाव लिहिलंत, तेव्हा वाटलं तुम्ही मुद्दाम सांभाळून घेताय. छान वाटलेलं मला."

मी म्हटलं, "आणि प्राप्तीचं? तेही छान वाटलं?"

ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली. आवाज चढवला नाही, पण कणकेचे हात तसेच ठेवून बोलली. "प्राप्तीचं मी तुम्हाला जानेवारीत सांगितलेलं. फेब्रुवारीतपण सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही वही दाखवलीत. माझी मुलगी आहे ती, आणि मला तिला माझ्यासमोर बसवायची बंदी होती. मीपण ऐकलं तुमचं, ही माझी चूक."

म्हणजे घरातसुद्धा. एकाच छपराखाली राहून माझ्या पाठीमागे सगळे एकमेकांकडे बघत होते आणि मी शनिवारी वह्या तपासत होते. मी कोणासाठी केलं हे? माझ्यासाठी केलं का?

फेब्रुवारीत ती काही बोलल्याचं मला स्मरत नाही.

८ मे

प्राप्तीला समोर घेऊन बसले. बाराखडीपासून. दहा मिनिटांत ती रडायला लागली. मी आवाज चढवला नव्हता. निदान सुरुवातीला नव्हता. ती म्हणाली, "तू सगळ्यांसमोर मालूआजीला पुस्तक दिलंस. मला पण देशील."

मी म्हटलं, "तुझ्याच भल्यासाठी ना ग सोने?"

तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि आत गेली.

११ मे, रविवार

करिश्मा महिन्याची रजा टाकून प्राप्तीला घेऊन विठ्ठलवाडीला माहेरी गेली. प्रणित सोडायला गेला. जाताना करिश्मा पाया पडली, सगळं रीतसर. पण पिशवीत पहिलीपासूनची पुस्तकं भरलेली मी पाहिली. मला विचारलं असतं तर मी दिली असती. माझ्याकडे कपाटात पूर्ण संच आहे.

२४ मे

ओटे बंद आहेत. सुट्टी आहे असं मी स्वतःला सांगते, पण हेमांगीच्या ओट्यावर मुलं बसतात, मी पाहिलं. मला बघून ती उभी राहिली. "या ना काकी." मी म्हटलं, घाईत आहे. कसली घाई? घरी येऊन पंख्याखाली बसले.

बाजारात मालू दिसली. पापलेट लावत होती, गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती, नोटा मोजून कमरेला खोचत होती. मी दुसऱ्या बाजूने निघून आले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या बाईकडून मासे घेतले. शिळे निघाले.

राग अजून आहे. पण सारखं एक मनात येतं. त्या दिवशी दुपारी ती प्राप्तीचं सांगायला आली होती, आणि मी सिलिंडरचं सील बघत होते. तरीपण तिने पुन्हा यायला हवं होतं. माणूस एकदाच सांगतं का?

१५ जून, रविवार

दोघी परत आल्या. प्राप्ती काळवंडली आहे आणि थोडी उंच झाली आहे. रिक्षातून उतरताना समोरच्या दुकानाची पाटी बघून हळू आवाजात म्हणाली, "सा-ई कृ-पा. साईकृपा." मला ऐकवायला नव्हे. स्वतःशीच. मी पिशवी घ्यायच्या निमित्ताने खाली वाकले, कारण चेहरा लपवायचा होता.

करिश्माला विचारलं, "कसं शिकवलंस?" ती म्हणाली, "तिच्याच गोष्टी लिहून काढल्या आई. खेकड्याची, होडीची. ती सांगायची, मी लिहायचे, मग तेच तिला वाचायला दिलं."

इतकं सोपं. मी मान हलवली. मला चांगलं म्हणायचं होतं, पण ते बाहेर पडलं नाही.

२० जून

फेरपरीक्षा झाली. शाळेच्या फाटकाबाहेर मी लांब उभी राहिले. प्राप्तीने सांगितलं होतं, "तू आत येऊ नकोस हं." नाही गेले. ती बाहेर आली आणि आईला म्हणाली, "वेळ पुरला." मला काही म्हणाली नाही, पण माझं बोट धरलं. नाक्यापर्यंत धरलं.

२८ जून, शनिवार

पास. मराठीत पन्नासपैकी चोवीस. बाईंनी खाली लिहिलं आहे, वाचन सुरू झाले आहे. प्रणितने निकालपत्राचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी देवापुढे साखर ठेवली. सहावीत गेली माझी नात, आणि त्यात माझा हात नाही, हे मी इथे तरी लिहायला हवं.

दुपारी करिश्माने पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला. "आई, मालूमावशींकडे तुम्ही जा." मी म्हटलं, प्राप्तीला पाठव. ती म्हणाली, "ती केव्हाच जाऊन आली."

गेले. मालू ओट्यावर सुपात जवळा निवडत बसलेली. मला बघून तिने सूप बाजूला केलं आणि बसायला जागा केली, मी कालच येऊन गेल्यासारखी. मी पेढे ठेवले.

"पास झाली."

"तिना सांगला मना. चोवीस." मग म्हणाली, "पोरीचा वरीस माझ्यामुलं जात व्हता. ती चूक माझी. मी सांगाला येत व्हते, पन मोठ्यान सांगाला व्हवा व्हता. मी भ्याले."

मी इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं बोलले. माझ्यापासून लपवायचं काय कारण होतं? मी परकी होते का? मला इतकी वर्षं मूर्ख बनवलंस, गावाला माहीत आणि मलाच नाही.   मी थांबल्यावर मालू म्हणाली,

"मी नाय लपवला तुझ्यापासून. गावापासून लपवला. तुला तं ठावच व्हता."

"मला कसं ठाऊक असणार? चौथीपर्यंत तू माझ्या वर्गात होतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्यात राग नव्हता. तिला खरंच नवल वाटत होतं.

"पैलीत मना आयनी शालंतून काढला, भावाला सांभालाला. तू रडलीस. बोल्लीस, मालू, मी शालंत शिकन ते तुला संध्याकाली शिकवन. तुमच्या ओट्यावर. चार दिस शिकवलास. पाचव्या दिशी भावाला कमरेवर घेऊन आले, पाटी घेऊन, तं तू बोल्लीस, उद्या ये."

"मग?"

"मंग उद्या आले. तू बोल्लीस, उद्या."

ती हे तक्रार केल्यासारखं सांगत नव्हती. म्हणाली, "मना वाटला, त्याचा वाईट वाटतं म्हनून तू माझी पत्रं वाचतेस. कधी इचारत नायस, कधी चिडवत नायस. मी बोलले, चला, कांता आठवन ठेवते."

मी आठवून पाहिलं. तिथे बसून पाहिलं, आता लिहितानाही पाहते आहे. आमचा माहेरचा ओटा आठवतो, त्याची फरशी आठवते. त्यावर मालू, तिच्या कमरेवर भाऊ, हातात पाटी, यातलं मला काही आठवत नाही. एक क्षण वाटलं, ती रचून सांगते आहे. पण मालूला रचून सांगता येत नाही. येत असतं तर बाजारात थापा मारून तिने एव्हाना माडी बांधली असती.

शेवटी विचारलं, "किती दिवस आलीस गो?"

मालूने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मोजाला तवा कुठं येत व्हता मना?"